काशाची वाटी, हिऱ्याची वाटी आणि औंढ्याची शांतता

#धागा #विज्ञानाचा_इतिहास #मराठवाडा

(१)
तळपायाला तूप चोळण्यासाठी वापरतात ती काशाची वाटी आमच्या घरी अजून आहे. ती बोटाच्या टोकावर पालथी तोलून लाकडी चमच्याने हलकेच टोल दिला, की नाद बराच वेळ रेंगाळतो. स्टीलची वाटी त्यामानाने लवकर गप्प होते. प्लास्टिकची तर वाजतच नाही. आजचा धागा अशाच एका वाटीविषयी आहे. फक्त ती हिऱ्याची आहे, मोहरीच्या दाण्याएवढी आहे, आणि ती किती वेळ वाजते हे मोजण्यासाठी लेसर लागतो.

(२)
या वाटीचा नांदेड-लातूरशी काय संबंध? नांदेडहून बसने दीड-दोन तासांवर औंढा नागनाथ आहे. तेथे लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. हिऱ्याची वाटी आणि औंढ्याची वेधशाळा यांचे काम पूर्णपणे वेगळे, पण दोघींपुढचा पेच एकच आहे. तो पेच समजून घेण्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

एक कबुली आधीच देते. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. भौतिकशास्त्राशी माझा औपचारिक संबंध बारावीला संपला. त्यामुळे येथे समीकरणे नाहीत. कल्पना आणि वस्तू यांच्यामध्ये जो दीर्घ काळ जातो, तो माझा विषय आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत कल्पनेच्या जनकांची नावे असतात. ती कल्पना प्रत्यक्षात घडवता यावी म्हणून काच, धातू, भट्टी आणि पंप यांच्याशी झुंजणाऱ्यांची नावे सहसा नसतात.

(३)
प्रथम फुको. १८५१ साली पॅरिसमध्ये लांब लोलक टांगून त्यांनी पृथ्वीचे फिरणे लोकांना डोळ्यांनी दाखवले, हे सर्वांना ठाऊक आहे. लोलकाच्या आधीची एक लहानशी घटना मात्र कमी सांगितली जाते. लेथमध्ये पकडलेली एक बारीक सळई त्यांनी थरथरत ठेवली आणि लेथ हाताने फिरवला. सळई फिरली, पण तिच्या थरथरीची दिशा फिरली नाही. कंप पावणाऱ्या वस्तूला दिशेची आठवण राहते, ही या साऱ्या कथेची बीजकल्पना. पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये, फुकोंनी फिरत्या चाकाच्या उपकरणाला ‘जायरोस्कोप’ हे नाव दिले. जगाने चाक उचलले. सळई मागे पडली.

(४)
आता १८९०. इंग्लंडमधील केंब्रिजचे जॉर्ज हार्टली ब्रायन हे तरुण गणिती एका वाजत्या पेल्याकडे लक्ष देत होते. पेल्याला टोल दिला की त्याची कड गोल राहत नाही. क्षणात ती एका दिशेने लांबट होते, क्षणात तिच्या आडव्या दिशेने. या दोहोंच्या मध्ये कडेवर चार जागा अशा असतात की त्या जवळजवळ हलतच नाहीत. आपल्या काशाच्या वाटीचेही हेच घडते, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

ब्रायन यांचा प्रश्न साधा होता. वाजता पेला त्याच्या दांड्याभोवती फिरवला, तर त्या चार स्थिर जागा कोठे जातात? त्या पेल्याबरोबर फिरतील, की फुकोंच्या सळईप्रमाणे आपली दिशा धरून राहतील?

(५)
उत्तर दोन्हींच्या मधले निघाले. स्थिर जागा पेल्याबरोबर फिरतात, पण मागे रेंगाळत. पेला फिरवताना त्या कानासमोरून जातात तेव्हा आवाज कमीजास्त होतो. ते चढउतार मोजले की स्थिर जागा किती मागे पडल्या हे कळते. अर्धगोल वाटीच्या बाबतीत ही मागे पडण्याची मात्रा ठरलेली असते: वाटी ९० अंश फिरली, तर कंपनाची आकृती वाटीच्या मागे सुमारे २७ अंश पडते. म्हणजे आकृती कोठे आहे हे कळले की वाटी किती फिरली हे कळते. बंद पेटीत, अंधारात, बाहेरची एकही खूण न पाहता.

ब्रायन पुढे विमानांच्या स्थैर्याच्या गणिताकडे वळले. विमाने, पाणबुड्या आणि अंतराळयाने यांना दिशा सांगणारे उपकरण आपल्या पेल्यात दडलेले आहे, याचा उपयोग करून घ्यायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली.

(६)
इतका उशीर का? कल्पना तर पूर्ण होती.

येथे देवळातली घंटा आठवा. मोठ्या घंटेचा नाद सरळ विरत नाही. तो डोलतो, वाढतो, मंदावतो, पुन्हा वाढतो. हे डोलणे आपल्याला गोड वाटते, पण मुळात तो घडणीतला दोष आहे. घंटा सर्व बाजूंनी अगदी सारखी असती, तर तिच्या दोन आडव्या-उभ्या कंपनांची गती नेमकी एक असती. ओतकामात कोठे जाडी केसभर कमी, कोठे केसभर जास्त राहते. दोन गती किंचित वेगळ्या होतात आणि त्यांच्या भांडणातून तो डोल ऐकू येतो.

भाविकाला हा दोष चालतो, दिशा मोजणाऱ्याला चालत नाही. अशा असमान वाटीतील कंपनाची आकृती मोकळी फिरत नाही. जाडीच्या फरकामुळे तयार झालेल्या एका ठरावीक दिशेला अडकून राहते.

(७)
दुसरी अडचण आयुष्याची. वाटी थांबली की स्मृती संपली. किती वेळ वाजते हे मोजण्यासाठी अभियंते एक आकडा वापरतात, त्याला क्यू गुणांक म्हणतात. नाद सुरुवातीच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येईपर्यंत वाटीने किती हेलकावे घेतले ते मोजा आणि त्याला पायने, म्हणजे ३.१४ ने गुणा. आकडा जितका मोठा, तितकी वाटी चिवट.

या दोन अटी, सर्व बाजूंनी सारखेपणा आणि दीर्घ नाद, एकाच वस्तूत आणण्यासाठी कारागिरीला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. अमेरिकेतील डेल्को कंपनीत डेव्हिड लिंच आणि सहकाऱ्यांनी फ्यूज्ड सिलिकाच्या, म्हणजे अतिशुद्ध काचेच्या, अर्धगोल वाट्या घासून, पॉलिश करून, तोलून घडवल्या. त्यांचा क्यू एक कोटीच्या घरात जातो. समजा अशी वाटी सेकंदाला ४ हजार वेळा कंपते. तर एक टोल दिल्यावर तिचा नाद ३७ टक्क्यांवर यायला तेरा मिनिटे लागतील. या वाट्या शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानात होत्या. २०२१ च्या नाताळात झेपावलेल्या जेम्स वेब दुर्बिणीतही आहेत. फिरते चाक झिजते. वाटीत झिजण्यासारखे काही नसते.

(८)
मग तीच वाटी लहान करून प्रत्येकाच्या खिशात का देऊ नये? खिशातल्या मोबाइलमध्ये जायरोस्कोप असतोच. आयफोनमध्ये तो २०१० साली आला. पण तो सिलिकॉनचा, स्वस्त आणि अल्पस्मृती. नकाशावरचा बाण वळवण्यापुरता ठीक. उपग्रहांचा संकेत तुटल्यावर तासन्‌तास दिशा सांभाळण्याइतका नाही. त्याच सुमारास अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, मिलिमीटरभर आकाराच्या कंपित वाट्या घडवण्यासाठी एक कार्यक्रम हाती घेतला. यामागचा हेतू लष्करी होता, हे लपवण्यात अर्थ नाही. दिशादर्शनाच्या इतिहासाचा फार मोठा भाग तसाच आहे.

(९)
लहान करणे हे मोठ्याची प्रत काढण्याइतके सोपे नसते. वस्तू जितकी लहान, तितका तिच्या पोटाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, आणि ऊर्जा गळण्याच्या जागा पृष्ठभागावर फार. ज्या देठावर वाटी उभी असते तेथूनही ऊर्जा निसटते. एक गळती तर पदार्थाच्या आतच असते. वाटीची भिंत वाकते तेव्हा दाबली जाणारी बाजू किंचित तापते आणि ताणली जाणारी किंचित थंड होते. उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे वाहते आणि त्या प्रवासात कंपनाची ऊर्जा कायमची हरवते. क्लॅरेन्स झेनर यांनी १९३७ साली हा हिशेब मांडला. उष्णतेला भिंत ओलांडायला लागणारा वेळ कंपनाच्या वेळेशी जुळला की तोटा सर्वांत मोठा होतो.

म्हणून असा पदार्थ हवा, जो तापल्यावर फारसा प्रसरण पावत नाही, ज्यातून उष्णता झपाट्याने पार होते, आणि जो अत्यंत ताठ आहे. या तिन्ही कसोट्यांवर एकच नाव वर येते: हिरा.

(१०)
येथे मराठवाड्याच्या वाचकाला निजाम आठवणार, हे उघड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर त्याच राज्यात होते. गोवळकोंड्याच्या बाजारात विकले जाणारे हिरे कृष्णेकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून येत. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निये त्या खाणी पाहून गेला. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा कागदांवर वजन म्हणून वापरला, ही गोष्ट आपल्याकडे कौतुकाने सांगतात. १९९५ साली भारत सरकारने निजामाचे जवाहीर २१८ कोटी रुपयांना विकत घेतले, त्यात तोही आला.

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वज्रपरीक्षेचा स्वतंत्र अध्याय आहे. आपल्याकडे हिऱ्याची पारख करण्याची परंपरा इतकी जुनी. डोळ्यांनी पारखला, किमतीने तोलला, मुकुटात बसवला. हिरा वाजवून पाहण्याची वेळ आली ती आपल्या काळात.

(११)
अर्थात जेकब हिरा कोरून कोणी वाटी करणार नाही. तिचा हिरा वायूतून येतो. १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत ट्रेसी हॉल यांनी प्रचंड दाब आणि उष्णता वापरून कृत्रिम हिरा घडवला, ही प्रसिद्ध कथा. त्याच्या थोडे आधी, १९५२-५३ मध्ये, युनियन कार्बाइडचे विल्यम एव्हरसोल कमी दाबाखाली कार्बनयुक्त वायूतून हिऱ्याची वाढ करत होते. ती वाढ इतकी मंद होती की कोणाचे लक्ष गेले नाही. मॉस्कोत बोरिस देर्यागिन यांच्या गटाने हे काम पुढे नेले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानी संशोधकांनी ते व्यवहार्य केले.

कृती अशी: थोडा मिथेन आणि भरपूर हायड्रोजन एका पोकळ कक्षात सोडायचा, तप्त तारेने किंवा सूक्ष्मलहरींनी वायूचे रेणू फोडायचे. खाली सातशे-आठशे अंश सेल्सिअसला ठेवलेल्या पृष्ठभागावर कार्बनचे अणू बसू लागतात. काही ग्रॅफाइट म्हणून बसतात, काही हिरा म्हणून. हायड्रोजन ग्रॅफाइटला खाऊन टाकतो आणि हिरा शिल्लक राहतो. तासाला साधारण एक मायक्रोमीटर. ज्वारीच्या राशीतून वारा भूस उडवून नेतो तसा हा हायड्रोजन.

(१२)
आता वाटी घडवण्याचा प्रसंग. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये ड्रेपर प्रयोगशाळा आहे. अपोलो यानांची दिशादर्शक यंत्रणा घडवणारी ती हीच संस्था. (ब्रायन यांचे केंब्रिज वेगळे, पण योगायोग मला आवडला.) तेथील जोनाथन बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हिऱ्याच्या अर्धगोल अनुनादकाचे काम प्रसिद्ध केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतही त्याच काळात हिऱ्याच्या वाट्या तयार होत होत्या.

पहिली गरज साच्याची. सूक्ष्मयंत्रांचा नेहमीचा पदार्थ सिलिकॉन. पण सिलिकॉन हे स्फटिक आहे. स्फटिकाला दिशा असतात, आणि काही रसायनांनी तो एका दिशेने लवकर कोरला जातो तर दुसरीने उशिरा. गोल खड्डा हवा असतो आणि हलकेच चौकोनाकडे झुकलेला मिळतो. काचेला अशी अंतर्गत दिशा नसते. एका बारीक छिद्रातून आम्ल आत सोडले की ते सर्व बाजूंना सारखेच खात जाते. पण साधी काच हिऱ्याच्या भट्टीत टिकणार नाही. म्हणून ड्रेपरच्या मंडळींनी उच्च तापमान सोसणारी विशेष काच वापरली.

(१३)
साच्यावर हिऱ्याचा थर वाढवायचा. तो दागिन्यातल्यासारखा एकसंध खडा नसतो. लाखो सूक्ष्म स्फटिकांचा तो दाट थर असतो, त्यामुळे कोणत्याही एका दिशेचे प्राबल्य राहत नाही. सारखेपणाच्या दृष्टीने हे बरेच. मग थराभोवतीचा नको असलेला भाग रसायनाने काढून घेतला की तळाशी देठाला धरून उभी असलेली मोकळी वाटी उरते. तिला कोठेही हात लावता येत नाही, घासून दुरुस्त करता येत नाही. डेल्कोच्या कारागिराला तोलण्याची मुभा होती. येथे पहिल्याच फटक्यात बरोबर यावे लागते.

(१४)
आणि मग परीक्षा. वाटी निर्वात कक्षात ठेवतात, कारण हवा हीच तिची पहिली शत्रू. बाहेरून कंपन देतात आणि लेसर कंपनमापकाचा किरण कडेवर फिरवून कोणती जागा किती हलते याचा नकाशा काढतात. ब्रायन यांना जे कानाने ऐकावे लागले, ते येथे पडद्यावर दिसते: लांबट होणारी कड आणि चार स्थिर जागा. मग हवेचा दाब पायरीपायरीने कमी करत क्यू मोजतात. सुरुवातीला दाब घटेल तसा क्यू वाढतो. एका टप्प्यानंतर वाढ थांबते. तेथून पुढचा दोष हवेचा नसतो, तो वाटीच्या आतला किंवा देठाचा असतो. देठ जाड-बारीक करून तोही तपासला गेला.

सर्वांत महत्त्वाचा निकाल दोन कंपनांच्या फरकाचा होता. कोणतीही दुरुस्ती न करता, भट्टीतून निघालेल्या अवस्थेत, दोन गतींतील फरक ०.१ टक्क्याच्या आत आला. सेकंदाला ५०० वेळा कंपणाऱ्या देवळातल्या घंटेचा फरक इतका असता, तर तिचा नाद दोन सेकंदांत जेमतेम एकदा डोलला असता. हाताने घासूनपुसून नव्हे, वायूतून वाढवलेल्या कणाएवढ्या वाटीला इतका सारखेपणा लाभला, हे विशेष. तरी क्यूच्या बाबतीत काचेच्या मोठ्या वाटीची बरोबरी लहान वाट्यांना करता आलेली नव्हती, हेही नमूद करायला हवे.

(१५)
आता तो समान पेच, ज्याचा उल्लेख मी आरंभी केला.

वाटी जास्त वेळ वाजावी, असा अट्टहास कशासाठी? केवळ स्मृती टिकावी म्हणून नव्हे. १९५१ साली हर्बर्ट कॅलन आणि थिओडोर वेल्टन यांनी एक प्रमेय मांडले. त्याचा आशय मराठीत असा सांगता येईल: ज्या दाराने ऊर्जा बाहेर गळते, त्याच दाराने गोंगाट आत शिरतो. उष्णतेमुळे प्रत्येक पदार्थाचे अणू सतत थरथरत असतात. गळती मोठी असेल तर ती थरथर मोजमापात पसरते. गळती लहान असेल तर ती एका स्वरापुरती कोंडून राहते आणि बाकीची जागा शांत होते. म्हणून दीर्घकाळ वाजणारी वस्तू हीच न वाजवता सर्वांत शांत असणारी वस्तू.

मला हे वाक्य समजायला दोन दिवस लागले. समजल्यावर काशाच्या वाटीकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

(१६)
गुरुत्वीय लहरींचा शोध या दाराशीच अडला होता. १९६० च्या दशकात मेरिलँड विद्यापीठात जोसेफ वेबर यांनी अ‍ॅल्युमिनियमचे टनाहून जड दंडगोल टांगले. लहर आली तर दंडगोल घंटेसारखा किंचित वाजेल, ही अपेक्षा. सेकंदाला १६६० कंपने हा त्याचा स्वर. १९६९ मध्ये त्यांनी लहरी सापडल्याचे जाहीर केले. इतरांना त्या सापडल्या नाहीत. वेबर चुकले, पण त्यांच्यामुळे जगभर एक प्रश्न विचारला जाऊ लागला: सर्वांत कमी गळती असलेला पदार्थ कोणता? मॉस्कोत व्लादिमीर ब्रागिन्स्की यांनी त्यासाठी नीलमण्याच्या स्फटिकांकडे लक्ष वळवले. जपानच्या काग्रा वेधशाळेचे आरसे आज नीलमण्याचेच आहेत, आणि ते थंड करून वापरायचे असतात. रत्नांचा हा दुसरा जन्म, जवाहिरखान्याच्या बाहेरचा.

(१७)
अमेरिकेच्या लायगोने काच निवडली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या टोकांना प्रत्येकी ४० किलोचा फ्यूज्ड सिलिकाचा आरसा, आणि तो टांगलेला त्याच काचेच्या चार तारांवर. तार साठ सेंटिमीटर लांब, जाडी जेमतेम ०.४ मिलिमीटर. धातूची तार घेतली असती तर तिच्या गळतीचा गोंगाट आरशात शिरला असता. या काचतारा सतारीच्या तारांसारख्या सेकंदाला सुमारे ५०० वेळा कंपतात आणि त्यांचा क्यू शंभर कोटींच्या आसपास असतो. हिशेब करून पाहा: एकदा छेडली तर तिचा नाद ३७ टक्क्यांवर यायला आठवडा लागतो! इतका की तेथे तार छेडली गेल्यास ती मुद्दाम शांत करण्याची व्यवस्था ठेवावी लागते.

(१८)
ही शांत वाद्ये कशासाठी? १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने दोन कृष्णविवरांच्या मीलनाची पहिली लहर टिपली. मीलनानंतरचे कृष्णविवरही घंटेसारखे वाजते, हे गणित कर्नाटकाचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच मांडले होते. पण ती घंटा फार वाईट निघाली. तिचा स्वर सेकंदाला सुमारे २५० कंपनांचा, आणि चार सहस्रांश सेकंदात, म्हणजे एका हेलकाव्यातच, तो ३७ टक्क्यांवर आला. क्यू अवघा तीन. विश्वातील सर्वांत लवकर गप्प होणाऱ्या घंटांपैकी एक ऐकण्यासाठी माणसाने आठवडाभर वाजणारी तार घडवली.

गोंगाटातून असा क्षीण स्वर निवडून काढण्याच्या गणितात पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा वाटा मोठा आहे. १९९० च्या आसपास, लायगो उभी राहण्यापूर्वी, हे काम सुरू झाले होते.

(१९)
लहरीची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मान्यता ६ एप्रिल २०२३ ची, खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. औंढा का? चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा मावतील अशी सपाट जमीन, समुद्र दूर, मोठे उद्योग आणि वर्दळ दूर. ज्याला आपण आजवर मागासलेपण म्हणत आलो, त्याला येथे शांतता म्हणून गुण मिळाले. मला या गोष्टीचा आनंद मानावा की नाही, हे अजून ठरवता आलेले नाही.

औंढ्याची आख्यायिका तुम्हाला माहीत असेलच. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. इतिहासाच्या विद्यार्थिनीने आख्यायिकेला पुरावा मानू नये. पण नादाने वास्तू फिरल्याची कथा आणि कंपनावरून फिरणे ओळखणारी वाटी एकाच धाग्यात आल्यावर ती न सांगणे मला जमले नाही.

(२०)
या शांततेला एक काळी किनार आहे, आणि लातूरच्या माणसाला ती सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप, किल्लारी आणि आसपासची गावे, जवळपास १० हजार मृत्यू. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. तरी वर्षभर आधीपासून किल्लारीत धक्के जाणवत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का ४.५ तीव्रतेचा होता. द्वीपकल्पीय भारतातील भूकंपमापन केंद्रांचे जाळे दाट करण्यात आले ते त्यानंतर. यंत्रे माणसांच्या मागून आली.

भूकंपमापकही मुळात टांगलेले वजनच, पण त्याची गरज उलटी असते. तो स्वतः वाजत राहिला तर जमिनीचे म्हणणे झाकले जाईल; म्हणून त्याला मुद्दाम लवकर गप्प होणारा बनवतात. वाटीला दीर्घ नाद हवा, भूकंपमापकाला संयम.

(२१)
२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला आणि काही मिनिटांत ३.६ चा दुसरा. नांदेडच्या माझ्या खोलीत भिंतीवरचा आरसा खडखडला. १० जुलैला पुन्हा ४.५. वसमत तालुक्यातील गावे जमिनीखालून येणाऱ्या आवाजांविषयी तर कित्येक वर्षे सांगत आहेत. रोजची बारीक थरथर आणि कधीतरी येणारा धक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेधशाळेच्या निवडीत पहिलीला महत्त्व असते आणि दुसरीसाठी बांधकामात तरतूद करावी लागते. पण त्या सकाळी माझ्या मनात आले ते काचेच्या तारेचे. ०.४ मिलिमीटर.

(२२)
शेवटचा एक किस्सा. बारावीच्या प्रात्यक्षिकात सोनोमीटर होता: ताणलेली तार, खाली सरकणाऱ्या दोन पट्ट्या, आणि कंपन ओळखण्यासाठी तारेवर ठेवायचा कागदाचा चिमुकला घोडा. स्वर जुळला की घोडा उडतो. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या सोनोमीटरची तार तुटलेली होती. वाचने आधीच्या तुकडीच्या जर्नलमधून उतरवली आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. परीक्षेच्या तयारीसाठी अख्खा महाराष्ट्र ज्या पट्ट्याकडे पाहतो, त्या पट्ट्यात मी शिकले. तार वाजते कशी, हे मी पाहिलेच नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट ग्राफिनचे, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनचे, कंपित पडदे घडवतो आणि तपासतो. २०१५ साली देशमुखांना भटनागर पुरस्कार मिळाला. म्हणजे हे काम आपल्या राज्यात होते. आता औंढ्यात निर्वात नळ्या, लेसर आणि काचतारा येतील. त्यांना हात लावणाऱ्यांत हिंगोली, नांदेड, लातूरची किती मुले असतील, हे मी पाहत राहणार आहे.

(२३)
हा धागा लिहिताना मी घरी काशाची वाटी पुन्हा पुन्हा वाजवून वेळ मोजत होते. आज्जी स्वयंपाकघरातून ओरडली, “काय गं, रिकामी वाटी कशाला वाजवतीस? भूक लागली असंल तर सांग की.”

तुमच्याकडे अशी वाटी असेल तर करून पाहा. बोटाच्या टोकावर पालथी तोला, लाकडाने टोल द्या, आणि दोन गोष्टी ऐका: नाद किती सेकंद टिकतो आणि तो डोलतो का. मग कडेच्या निरनिराळ्या जागी टोल देऊन पाहा. काही जागी डोल ऐकू येईल, काही जागी जवळजवळ नाही. त्या जागा खडूने खुणावून ठेवा आणि फोटो उत्तरात टाका.